पत्र्याखालची बॅटरी आणि सुटीचे आठ आठवडे

पत्र: मी सोलापुरात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळी फेलोशिपचे अर्ज भरायला मार्चमध्ये बसले, तोवर बऱ्याच मुदती संपल्या होत्या. जे दोन अर्ज गेले ते नाकारले गेले. आमचे सर म्हणाले, "लॅब वापर, विषय मात्र तू शोध." मैत्रीण म्हणते पेरोव्हस्काइट या नव्या स्फटिकी पदार्थाचा सोलर सेल कर, पप्पा म्हणतात पॅनेलवर पाणी सोडलं तर वीज वाढते का ते बघ. मला स्वतःला बॅटरीत रस आहे. आमच्या पत्र्याच्या खोलीत इन्व्हर्टरची बॅटरी आहे, मेमध्ये तिला हात लावला की चटका बसतो. हाताशी दहा हजार रुपये आणि मेच्या पहिल्या आठवड्यापासून आठ आठवडे आहेत. मोठ्या संस्थेत न जाता केलेल्या कामाला संशोधन म्हणतात का? काय करू? – एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर: तुझा विषय तुझ्या पत्रातच आहे, त्या चटक्यात. पण त्याकडे येण्याआधी बाकीचे दोन विषय बाजूला करू, म्हणजे जूनमध्ये रुखरुख लागणार नाही.

पेरोव्हस्काइट सोडून दे. त्याला स्पिन कोटर लागतो, नायट्रोजन भरलेला ग्लव्ह बॉक्स लागतो, शिशाचे क्षार आणि विषारी द्रावकं हाताळायची शिस्त लागते. यातलं एकही नसताना केलेला सेल चालला नाही, तर तो का चालला नाही हेही तुला कळणार नाही.

पप्पांचा विषय त्यापेक्षा शहाणा आहे. हिशोब बघ. पॅनेलवर लिहिलेले वॅट २५ अंश सेल्सिअसच्या सेलसाठी असतात. पॅनेलच्या माहितीपत्रकात 'एनओसीटी' नावाचा आकडा असतो, म्हणजे उन्हात चालताना सेल किती तापतो ते, साधारण ४५ अंश. तो ८०० वॅट प्रति चौरस मीटर ऊन आणि २० अंश हवा धरून काढलेला असतो. म्हणजे सेल हवेपेक्षा २५ अंशांनी तापतो. ऊन १००० झालं की हा फरक ३१ वर जातो. सोलापूरच्या ४२ अंशांत ते मिळवले तर सेल ७३ अंशांवर. आजच्या मोनो पॅनेलची ताकद दर अंशाला सुमारे ०.३५ टक्क्यानं घटते, तेव्हा १०० वॅटचं पॅनेल भर दुपारी ८३ च्या आसपास देणार. ते १७ वॅट परत मिळवायला पाणी सोडायचं, तर वाफेवाटे तासाला अर्धा लिटरहून जास्त पाणी एका पॅनेलमागे जाईल, पंप काही वॅट खाईल आणि बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसतील ते वेगळेच. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हा उपाय कोण वापरणार? शिवाय हा प्रयोग दरवर्षी ढीगभर प्रोजेक्टमध्ये होतो आणि त्यातले बरेच एकाच ठिकाणी फसतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, दुपारी साधारण १२ वाजून २३ मिनिटांनी. तेव्हा पॅनेल वर्षभराच्या हिशोबानं दक्षिणेकडे १७ अंश कलतं ठेवलं, तर चार-पाच टक्के त्या कलामुळेच जातात आणि अहवालात ते उष्णतेच्या नावावर खपतात. त्यात मृग लागला की ढग येतात आणि निम्मे आठवडे वाया. बॅटरीला ढगांशी देणंघेणं नाही.

आता बॅटरी. घरची इन्व्हर्टर बॅटरी मात्र प्रयोगाला घेऊ नकोस. ती बहुधा ट्यूब्युलर लेड-ॲसिड असणार. तिची क्षमता २० तासांच्या डिस्चार्जवर मोजतात, चार्जला पुन्हा दहा-बारा तास. एका सायकलला दीड दिवस गेला तर आठ आठवड्यांत हाती काय लागणार? त्यात ॲसिड आणि चार्ज होताना निघणारा हायड्रोजन. त्याऐवजी लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपीचे सुटे सेल घे. सौर पथदिव्यांत आणि घरगुती सौर संचांत आता सर्रास तेच येतात. ३२७०० मापाचा, ३.२ व्होल्ट, ६ अँपिअर-तासाचा गोल सेल सहज मिळतो. या रसायनाचा बॅटरीसाठी उपयोग १९९७ साली टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटानं दाखवला. गुडइनफ यांना २०१९ चं नोबेल मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते, एवढं मैत्रिणीला सांग आणि पेरोव्हस्काइटचा विषय मिटव.

प्रश्न असा ठेव: पत्र्याखालच्या तापमानात एलएफपी सेलची क्षमता, अंतर्गत रोध आणि एका सायकलची ऊर्जा कार्यक्षमता किती बदलते? 'उष्णतेनं बॅटरी खराब होते का' असा प्रश्न ठेवू नकोस. खराब होणं हळू असतं. हजार-दोन हजार सायकल टिकणारा सेल आठ आठवड्यांत जेमतेम एक-दोन टक्के उतरेल, आणि तुझं मोजमाप त्याहून जाडं असेल तर जे दिसेल ती मीटरची चूक असेल. रोध आणि कार्यक्षमता तापमानाबरोबर लगेच बदलतात, दोन आठवड्यांत आकडा हातात येतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर निकाल पाहून घाबरशील. ४४ अंशांवर सेल तुला बरा झालेला दिसेल. रोध कमी, कार्यक्षमता किंचित जास्त, क्षमताही थोडी वर. हे बरोबर आहे. उष्णतेत आयन सुळसुळीत हलतात. त्याच उष्णतेत सेलच्या आतल्या ग्रॅफाइटवरचा पातळ थर जाड होत जातो आणि कामाचं लिथियम कायमचं गिळतो, पण ते महिन्यांच्या हिशोबात दिसतं. सेल पूर्ण भरलेला आणि तापलेला, दोन्ही एकदम असेल तर हे सर्वांत वेगानं होतं. घरातल्या बॅटरीची नेमकी तीच अवस्था असते, दिवसभर फुल आणि पत्र्याखाली. तुझ्या अहवालाचा कणा या दोन उलट्या परिणामांत आहे.

पहिल्या आठवड्यात सेल विकत घेण्याआधी डीएस१८बी२० चे तापमानाचे दोन सेन्सर घरी लाव. एक पत्र्याच्या आतल्या बाजूला, दुसरा बॅटरीच्या कुशीला चिकटवून. दर पाच मिनिटांनी नोंद, सात दिवस. प्रयोगाची तापमानं पुस्तकातून न घेता या नोंदीतून ठरव. तेवढा एक आलेखही सोलापूरबाहेर कुणाकडे नसलेली गोष्ट आहे. या सेन्सरला डेटा आणि पॉझिटिव्हच्या मध्ये ४.७ किलोओहमचा रोध लागतो. पुरवठ्याची तार सैल झाली तर मध्येच ८५ अंश दिसतील. तो चालू होतानाचा त्याचा ठरलेला आकडा आहे, पत्रा खरंच तेवढा तापलेला नाही. उणे १२७ आलं तर तार तुटली किंवा तो रोध राहिला समज. लावण्याआधी सगळे सेन्सर बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घातलेल्या थर्मासमध्ये पंधरा मिनिटं बुडव. शून्याच्या जागी जो काय आकडा दाखवतील तो वहीत लिहून नंतर वजा कर. अर्ध्या अंशाचा फरक त्यांच्यात असतोच.

सेल दहा घे, एकाच लॉटचे; तापमानाचा प्रयोग त्यातल्या तिघांवर. जुन्या सेलला नवं आवरण चढवून विकायचा धंदा जोरात आहे. ओळखायला सराफाचा काटा बरा: खरा ६ अँपिअर-तासाचा सेल साधारण १४० ग्रॅम भरतो. १०० ग्रॅमचा निघाला तर दुकानदाराशी वाद न घालता परत कर. बाकी सामान सोलापुरात नाही मिळालं तर हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी पुण्याला जाऊन तपकीर गल्लीतून घे, रात्री घरी. यादी अशी: बारीक व्होल्टेज मोजणारी एडीएस१११५ ची तीन मॉड्यूल, १० अँपिअर ७५ मिलिव्होल्टचे तीन शंट (करंट मोजायचे नेमके छोटे रोध, पॅनल-मीटरवाल्यांकडे मिळतात), चार्जिंगला एक्सएल४०१५ ची कॉन्स्टंट करंट-कॉन्स्टंट व्होल्टेज बक मॉड्यूल तीन, आर्डुइनो, एसडी कार्ड मॉड्यूल, डीएस३२३१ घड्याळ, आयआरएलझेड४४एन मॉस्फेट आणि त्यांना मोठे हीटसिंक, एलएम३५८ ऑप-ॲम्प, ०.१ ओहम ५ वॅटचे रोध, ५ अँपिअरचे फ्यूज होल्डरसकट, आणि मध्ये बंद असणारे तीन जागांचे टॉगल स्विच. सेट-टॉप बॉक्सचे १२ व्होल्ट २ अँपिअरचे जुने ॲडॉप्टर घरोघरी पडून असतात, ते तीन गोळा कर. एवढं सगळं दहा हजारांच्या आत बसायला हवं.

तीन ॲडॉप्टर का, एकच मोठा पॉवर सप्लाय (एसएमपीएस) का नाही? कारण एक्सएल४०१५ मॉड्यूल करंट निगेटिव्ह बाजूला मोजतं. एका एसएमपीएसवर तीन मॉड्यूल लावून तिन्ही सेलचे निगेटिव्ह एकत्र जोडलेस, तर करंट त्या मोजणीला वळसा घालून जातो आणि मर्यादा लागतच नाही. ॲडॉप्टर वेगवेगळे असले की ही भानगड राहत नाही.

सेलला डाग देऊन तार जोडू नकोस. सोल्डरिंग गनची उष्णता आतल्या सीलला आणि सेपरेटरला पोचते. ई-रिक्षाच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्याकडे स्पॉट वेल्डिंग असतं, त्याच्याकडून दोन्ही टोकांना निकेलच्या पट्ट्या मारून घे. प्रत्येक टोकाला दोन पट्ट्या: एक करंटसाठी जाड, दुसरी फक्त व्होल्टेज मोजायला. हे नखरे नाहीत. सेलचा अंतर्गत रोध १० मिलिओहमच्या घरात असतो. स्प्रिंगच्या होल्डरचा संपर्करोध सहज २० मिलिओहम निघतो. ३ अँपिअर वाहताना तिथेच ६० मिलिव्होल्ट पडतात आणि तू सेल सोडून होल्डर मोजत बसतेस. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या साठ टक्के पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, सगळा चढउतार शंभरेक मिलिव्होल्टच्या आत. तिथे ६० ची चूक म्हणजे सगळंच गेलं. व्होल्टेज पाहून सेल किती भरलाय ते सांगता येत नाही ते याच सपाटीमुळे. जाणारे-येणारे अँपिअर मोजत बेरीज ठेवावी लागते.

आर्डुइनोच्या स्वतःच्या इनपुटवर हे मोजता येत नाही. त्याची एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची आणि यूएसबीचे ५ व्होल्ट कधी ४.८ तर कधी ५.१. म्हणून एडीएस१११५, प्रत्येक सेलला एक. त्याच्या दोन डिफरन्शियल जोड्यांपैकी एकीवर सेलचं व्होल्टेज (४.०९६ व्होल्टच्या रेंजवर पायरी ०.१२५ मिलिव्होल्ट), दुसरीवर शंट (०.२५६ च्या रेंजवर पायरी ७.८ मायक्रोव्होल्ट). ३ अँपिअरला शंटवर २२.५ मिलिव्होल्ट येतात, म्हणजे एक पायरी ०.०३५ टक्के. एवढं पुरेसं आहे. आयएनए२१९ हे करंट मोजायचं मॉड्यूल स्वस्त आणि सोपं असतं, पण ३.२ अँपिअरला त्याची धाव संपते, तू अगदी कडेवर चालशील. शंट सेलच्या निगेटिव्ह आणि ग्राउंडच्या मध्ये ठेव. तिन्ही मॉड्यूलचे पत्ते 'एडीडीआर' पिन ग्राउंड, पॉझिटिव्ह आणि डेटाला जोडून वेगळे कर.

डिस्चार्जला मॉस्फेटचा स्थिर करंटचा लोड बनव. एलएम३५८ ला १२ व्होल्ट दे. ५ व्होल्टवर त्याचं आउटपुट साडेतीनच्या वर जात नाही आणि मॉस्फेट अर्धवट उघडतो. हा दोष सापडायला लोकांचे दोन-दोन दिवस गेलेत. गेटला १०० ओहमचा रोध घाल, नाहीतर सर्किट गुणगुणायला लागतं आणि सरासरी करंट भलताच येतो. फीडबॅकसाठी ०.१ ओहमचा सिमेंटचा रोध वापर, पण त्यावरून करंट मोजू नकोस. तो तापला की बदलतो. करंट ठरवायला सिमेंटचा रोध, मोजायला शंट, अशी दोन कामं दोन रोधांना वाटून दे. प्रत्येक लोड नऊएक वॅट उष्णता काढतो, म्हणून हीटसिंक पंख्यासमोर आणि तापमानाच्या डब्याबाहेर ठेव.

कॅलिब्रेशनला पूर्ण दोन दिवस दे. लॅबमधला सगळ्यात चांगला मीटर मालिकेत लावून १, २ आणि ३ अँपिअरला तुझा आकडा आणि त्याचा आकडा शेजारी लिही, रेषा काढ. साध्या मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या भोकाशेजारी बारीक अक्षरात काही सेकंदांची मर्यादा छापलेली असते, ती वाच. मग करंट शून्य करून एडीएस काय दाखवतो ते रोज सकाळी नोंदव आणि वजा कर. शून्यातली चूक चार्जला एका बाजूला पडते आणि डिस्चार्जला दुसऱ्या बाजूला, म्हणून गुणोत्तर काढताना ती दुप्पट होऊन समोर येते.

तुझं मोजमाप धड आहे की नाही हे सेल स्वतःच सांगतो. बाहेर आलेले अँपिअर-तास भागिले आत गेलेले अँपिअर-तास, हा आकडा चांगल्या एलएफपीला शंभराच्या अगदी जवळ पण शंभराच्या आत यायला हवा. १००.८ आला तर नवा शोध लागलेला नाही, शून्य सरकलंय. ९६ आला तर कुठेतरी तार गळतेय किंवा डिस्चार्ज लवकर तोडलास. हा आकडा ९९ ते १०० मध्ये स्थिर होईपर्यंत तापमानाच्या प्रयोगाला हात लावू नकोस. ऊर्जेचं गुणोत्तर, म्हणजे वॅट-तासांचं, ९५ टक्क्यांच्या आसपास येईल. तुला ज्याचा बदल बघायचाय तो आकडा हा.

सायकल अशी: ३ अँपिअरनं ३.६५ व्होल्टपर्यंत चार्ज, मग व्होल्टेज धरून करंट ०.३ अँपिअरवर येईपर्यंत थांबायचं. अर्धा तास विश्रांती. ३ अँपिअरनं २.५ व्होल्टपर्यंत डिस्चार्ज. पुन्हा अर्धा तास. सगळं मिळून सव्वापाच-साडेपाच तास, म्हणजे दहाला सुरू केलं तर चारच्या आत आवरतं. स्विच हातानं फिरव, लॅबमध्ये कुणी नसताना चार्ज चालू ठेवू नकोस, रात्री तर अजिबात नाही. चार्ज संपल्यावर स्विच मधल्या जागेवर आण, नाहीतर ॲडॉप्टर बंद असताना सेल बक मॉड्यूलमधून उलटा थोडाथोडा रिकामा होत राहतो. आणखी एक सापळा टीपी४०५६ चा. ते लाल-निळ्या दिव्याचं छोटं चार्जिंग मॉड्यूल कुणीतरी हातात देईलच. ते ४.२ व्होल्टला थांबतं, एलएफपीला तो ओव्हरचार्ज आहे.

तिन्ही सेल एकदम चालवायचे, प्रत्येक तापमानाला तीन सायकल. पहिली सायकल सेल त्या तापमानाला सरावण्यासाठी, ती मोजणीत धरायची नाही. तिसऱ्या सायकलमध्ये डिस्चार्ज तासभर झाला की दहा मिनिटं थांब, मग १ अँपिअरवरून एकदम ४ वर ने आणि दहा सेकंदांनी व्होल्टेज किती पडलं ते बघ. तो फरक भागिले ३ म्हणजे अंतर्गत रोध. १० मिलिओहमला ३० मिलिव्होल्टचा फरक येतो, तो तुला नीट दिसेल. चार टप्पे, टप्प्याला तीन दिवस, असे बारा दिवस. वीज जाणं, एसडी कार्ड अडणं, सरांची मीटिंग हे धरून वीस.

तापमान धरणं हे सोलापुरात उलटं काम आहे. जगभर लोक सेल तापवायला धडपडतात, आपल्याला मेमध्ये २५ अंश मिळवताना घाम फुटतो. एसीची कॉम्प्युटर लॅब मिळाली तर सगळं तिथेच मांड: थर्माकोलचा डबा, १२ व्होल्टचं हीटिंग पॅड, डब्ल्यू१२०९ थर्मोस्टॅट आणि हवा फिरवायला कॉम्प्युटरचा छोटा पंखा. थर्मोस्टॅटचा फरक २ अंशांवरून अर्ध्यावर आण. पंखा नसेल तर डब्याच्या वर-खाली तीन अंशांचं अंतर पडतं. सेन्सर सेलच्या पोटाला मधोमध, वरून उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप आणि कापसाची घडी, नाहीतर तो सेलचं सोडून डब्यातल्या हवेचं तापमान सांगतो. क्रम २५, ३५, ४४ आणि परत २५. परतीच्या २५ ला पहिल्यासारखेच आकडे आले तरच मधले बदल तापमानाचे, नाहीतर मीटर सरकलाय किंवा सेल बदललाय. ४४ च्या वर जाऊ नकोस. बहुतेक उत्पादक चार्जिंगची मर्यादा ४५ अंशच देतात.

एसी नसेल तर माठ. एक मोठा माठ, त्यात छोटा, मधल्या फटीत वाळू, वाळूत सकाळ-संध्याकाळ पाणी, छोट्या माठात झाकणाचा कोरडा स्टीलचा डबा आणि त्यात सेल. टोकांवर इन्सुलेशन असल्याशिवाय स्टीलच्या डब्यात सेल ठेवायचा नाही, हे सांगायला नको. मेच्या कोरड्या हवेत वारा लागेल अशा जागी ठेवलास तर आतलं तापमान खोलीपेक्षा बरंच खाली उतरतं, आणि सेल स्वतः इतका कमी तापतो की माठाला ते झेपतं. २५ येणार नाही, २८ येईल किंवा २९. जे येईल ते लिही, फक्त एका टप्प्यात ते एका अंशाच्या आत राहू दे. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की माठ गार करायचं सोडतो, म्हणून हा टप्पा मेअखेरपर्यंत उरक. अशा वेळी मधलं ३५ गाळ आणि क्रम ४४, माठ, ४४ असा ठेव. तापवणं बाराही महिने आपल्या हातात असतं, गार करणं नाही.

सुरक्षिततेचं थोडक्यात. एलएफपी इतर लिथियम सेलपेक्षा शांत असतो, पण शॉर्ट झाला तर शेकडो अँपिअर फेकतो आणि निकेलची पट्टी लाल होते. प्रत्येक सेलला फ्यूज टोकाजवळच लाव. हातात अंगठी-बांगडी नको. सेल फुगला, किंवा गोडसर उग्र वास आला तर मेन बंद कर, खोलीबाहेर पड, सरांना बोलाव. डीएस३२३१ चं निळं मॉड्यूल असेल तर त्यावरचं घड्याळाच्या सेलला चार्ज करणारं सर्किट तोड, म्हणजे तिथला छोटा रोध काढून टाक. त्यात बसवतात तो सीआर२०३२ चार्ज करायचा सेल नसतो.

सरांकडे 'विषय द्या' म्हणून जाऊ नकोस, एका कागदावर चार गोष्टी लिहून ने: प्रश्न, काय मोजणार, किती चुकीच्या मर्यादेत मोजणार, आणि त्यांच्याकडून काय हवं. हवं ते नेमकं माग: एसीच्या खोलीत दीड मीटर टेबल, दहा ते पाच, वीस दिवस, चांगला मीटर दोन दिवस. असा कागद पाहून नाही म्हणणारे सर थोडे.

संशोधन म्हणतात का, हा तुझा प्रश्न राहिला. तीन सेलचे आकडे, त्यांच्यातला फरक, मीटरची चूक आणि परतीची मोजणी, हे चारही अहवालात असतील तर म्हणतात. तीन सेलमध्ये आपापसातच अर्धा टक्का फरक असेल आणि तापमानानं ०.३ टक्का बदल दिसला असेल, तर 'फरक दिसला नाही' असं लिहायचं. ते लिहिण्यात कमीपणा नाही. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलकडे जाऊ नकोस, मात्र विद्यापीठाच्या 'आविष्कार' स्पर्धेत पदवीच्या गटातून हे काम नक्की मांड. पुढच्या वर्षीच्या फेलोशिपसाठी डोळे ऑक्टोबरपासून उघडे ठेव. देशातल्या तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपचे अर्ज आदल्या वर्षाच्या शेवटी शेवटीच मागवले जातात, मार्चमध्ये नाही.

उरलेल्या सेलचं एक काम. बाकीच्या सातपैकी चार कॅलिब्रेशन होताच मोजून घे, त्यातले दोन पूर्ण भरून आणि दोन अर्धे भरून ठेव. टोकांवर टेप, चौघांवर तारीख आणि अँपिअर-तास पेननं लिहून, तुझं इतर काम चालू असताना तशाच दुसऱ्या, कायम ४४ अंशांवरच्या डब्यात. आठ आठवडे संपताना त्यांच्यात फारसा फरक दिसणार नाही, दिसला तरी तुझ्या चुकीच्या मर्यादेत असेल. तेव्हा सुटी संपली म्हणून ते फेकू किंवा वाटू नकोस. सरांना सांगून लॅबच्या कपाटात ठेव, आणि डिसेंबरात 'आविष्कार'चं पोस्टर करायला बसशील तेव्हा त्याच शंटवर, त्याच तारांनी, त्याच तापमानाला पुन्हा मोज.